लिम्फोमा उलटल्यावर: सांगली-साताऱ्याहून बीएमटीला निघणाऱ्या घरांसाठी

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. पहिल्या केमोनं गाठी गेल्या, वर्ष-दोन वर्षं बरी गेली आणि मग मानेत किंवा काखेत पुन्हा गाठ हाताला लागली. किंवा पहिल्या केमोला आजारानं नीट दादच दिली नाही. अशा वेळी मिरज, कराड किंवा साताऱ्यातले डॉक्टर फाइलवर ‘ऑटोलॉगस बीएमटीसाठी पाठवत आहे’ (म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी) असं लिहून देतात आणि घर हादरतं. घरच्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: ऑपरेशन किती मोठं, आणि बोन मॅरो देणार कोण? ऑपरेशन नसतं. दाताही शोधायचा नसतो. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असतात आणि हल्ली त्या बहुतेक वेळा हाडातून नाही, शिरेतून म्हणजे रक्तातून काढतात.

यातलं खरं औषध म्हणजे केमोचा मोठा डोस. नेहमीच्या डोसला न मरणाऱ्या लिम्फोमाच्या पेशी त्यानं मरतात, पण त्याच डोसानं हाडातला रक्त तयार करणारा मगज म्हणजे बोन मॅरोही जवळजवळ कोरडा पडतो. तो आपला आपण लवकर सावरत नाही. म्हणून दुष्काळात कणगीत राखून ठेवलेल्या बियाण्यासारख्या रुग्णाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी आधीच काढून गोठवून ठेवतात आणि केमो संपल्यावर परत देतात. पेशी कॅन्सर मारत नाहीत, माणसाला वर काढतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी गडबड का करायची ते आपोआप कळतं.

माझं ठाम मत असं की खोलीतले तीन आठवडे डॉक्टर आणि नर्स सांभाळतात. घराची कसोटी लागते ती आधीच्या दोन महिन्यांत आणि परत आल्यानंतरच्या तीन महिन्यांत. हा लेख मुख्यतः त्या पाच महिन्यांसाठी आहे. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील; इथले आकडे त्यांचं बोलणं समजावं म्हणून दिले आहेत.

वेळ आली आहे का, हे आधी विचारा

सरसकट प्रत्येक लिम्फोमाला बीएमटी लागत नाही. पहिल्याच उपचारानं हॉजकिन लिम्फोमाचे बहुतेक रुग्ण बरे होतात आणि डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकारातलेही अर्ध्याहून जास्त. बीएमटीचा विषय निघतो तो मुख्यतः आजार उलटल्यावर किंवा पहिल्या केमोला तो हटला नाही तर. मँटल सेल आणि टी सेल लिम्फोमाच्या काही रुग्णांत पहिल्या उपचारानंतर लगेचही त्याचा विचार होतो.

या उपचाराचा पाया ज्या अभ्यासानं पक्का केला तो ‘पार्मा’ नावानं ओळखला जातो आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. उलटलेला, पण केमोला पुन्हा दाद देणारा नॉन-हॉजकिन लिम्फोमा असलेल्या रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. पाच वर्षांनी आजार परत न येता जगणारे मोठ्या डोसच्या गटात ४६ टक्के होते, नेहमीच्या केमोच्या गटात १२ टक्के. उलटलेल्या हॉजकिनमध्येही या मार्गानं साधारण निम्मे रुग्ण बरे होतात. यातला ‘केमोला पुन्हा दाद देणारा’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून थेट बीएमटी करत नाहीत. आधी जीडीपी, आयसीई किंवा डीएचएपी अशा नावांची, दर तीन आठवड्यांनी एक अशी दोन-तीन केमो देतात आणि मग आजार किती उरला ते दाखवणारा पेट-सीटी स्कॅन काढतात. त्या रिपोर्टमध्ये ‘डोव्हिल’ नावाचा १ ते ५ चा अंक असतो. १ ते ३ म्हणजे वाट मोकळी. ४ किंवा ५ असेल तर डॉक्टर थांबून विचार करतील, औषध बदलतील, कदाचित पुन्हा बायोप्सी घेतील. अशा वेळी ‘एवढं जमवलंय तर उरकूनच टाकू’ असा आग्रह धरू नका. आजार हलत नसताना मोठा डोस दिला की त्रास सगळा होतो आणि फायदा थोडाच मिळतो.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. मोठ्या बी पेशींचा (डिफ्यूज लार्ज बी सेल) लिम्फोमा पहिल्या उपचारानंतर वर्षाच्या आत उलटला असेल, तर परदेशातल्या अभ्यासांत बीएमटीपेक्षा कार-टी पेशींचे (रुग्णाच्याच प्रतिकार पेशी लॅबमध्ये बदलून परत देण्याच्या उपचाराचे) निकाल चांगले आले आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो बीएमटीपेक्षा बराच महाग आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही, पण ‘आमच्या केसमध्ये कार-टी का नाही?’ एवढं विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर दोन मिनिटांत उत्तर देतो.

मिरजेहून निघताना पिशवीत काय

रिपोर्टच्या झेरॉक्स सगळेच नेतात. राहून जातात ते बायोप्सीचे ब्लॉक. गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि तो लॅबकडे मागावा लागतो. मोठ्या केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट तो पुन्हा तपासतात, आणि कधीकधी लिम्फोमाचा प्रकारच बदलून सांगतात. ब्लॉक आणि काचपट्ट्या दोन्ही घ्या, लॅबच्या वहीत सही करून घ्या आणि परत आणून देण्याची जबाबदारी एका माणसावर टाका. पेट-सीटीची नुसती प्रिंट पुरत नाही, सीडी हवी. कोणती केमो, किती वेळा, कोणत्या तारखेला आणि किती डोस, हा तक्ता जुन्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. केमोतल्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन आजवर एकूण किती गेलं हे हृदयासाठी पाहावं लागतं, ब्लिओमायसिन फुप्फुसासाठी.

आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे टीबी असं धरून सहा-सहा महिने गोळ्या दिल्याची उदाहरणं पुष्कळ सापडतात. तसं झालं असेल तर तेही लपवू नका. टीबीची जुनी लागण मोठ्या डोसनंतर डोकं वर काढू शकते.

पुणे की खारघर

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते व्हीलचेअरवरून काम करत. आज टाटाचा बीएमटी विभाग नवी मुंबईत खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटाच्याच केंद्रात आहे. पुण्यातही खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत ही सोय आहे. साताऱ्याहून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. खारघर त्याहून शंभरेक किलोमीटर लांब.

अंतरावरून ठरवू नका, राहण्याच्या सोयीवरून ठरवा. डिस्चार्जनंतरही काही आठवडे रुग्णालयापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची माणसं माथाडी कामाच्या निमित्तानं कोपरखैरणे, कामोठे, कळंबोलीत स्थिरावली आहेत. अशा घरांना खारघर पुण्यापेक्षा जवळचं पडतं. मात्र नातेवाइकाच्या वन-रूम-किचनमध्ये सात माणसं असतील तर तिथे रुग्णाला नेऊ नका. स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास-बाथरूम ही किमान गरज आहे. टाटात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. राहण्याची जागा, निधी, गाडीभाड्याची सवलत हे सगळं तिथे पहिल्याच भेटीत बोला, पेशंट ॲडमिट झाल्यावर नाही.

कुठल्याही केंद्रात हे विचारा: वर्षाला साधारण किती ऑटोलॉगस बीएमटी करता? खोलीला हेपा फिल्टर (हवेतले जंतू आणि बुरशीचे कण गाळणारा) आहे का? रक्त इरॅडिएट करण्याची (किरण देऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी करण्याची) सोय इथेच की बाहेरून आणता? पेशी गोठवण्याची लॅब तुमची स्वतःची? रात्री ताप आला तर फोन कोण उचलतं? अनुभवी केंद्रांत या उपचारानं दगावण्याचं प्रमाण शंभरात पाचहून कमी असतं. तुमच्या केंद्राचा आकडा विचारलात म्हणून कुणी रागावत असेल, तर त्यावरूनही काय ते समजतं.

पैशाची बाजू

खासगी रुग्णालयात सगळं सुरळीत पार पडलं तर पाच ते दहा लाखांच्या आसपास अंदाज सांगतात, आणि जंतुसंसर्ग झाला तर तो वाढतो. लेखी अंदाज मागा आणि त्यात पेशी काढणं, गोठवणं, प्लेटलेट, पेट-सीटी, डिस्चार्जनंतरची औषधं धरली आहेत का ते पाहा. बहुतेक वेळा यातलं काही ना काही वगळलेलं असतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही. राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण रुग्णालय योजनेत असणं वेगळं आणि त्या रुग्णालयात तुमचा उपचार योजनेत बसणं वेगळं. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला ‘ऑटोलॉगस बीएमटीचं पॅकेज इथे मिळेल का?’ असा नेमका प्रश्न विचारा, किंवा १५५३८८ वर फोन लावा. आधीच्या केमोही याच योजनेतून घेतल्या असतील तर यंदाची किती रक्कम उरली आहे ते पाहूनच पुढची तारीख घ्या.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांचे अर्ज ॲडमिट होण्याआधी तयार हवेत. दोन्हींना रुग्णालयाचा लेखी खर्चाचा अंदाज लागतो. आमदार-खासदारांचं पत्र मिळालं तर घ्या, त्यासाठी आठ दिवस घालवू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, डॉक्टरांकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घेतला की झालं. मात्र पेशी कमी असताना गर्दीच्या डब्यात बसवू नका. परतीच्या प्रवासाला गाडीच करा. पैसे वाचवायच्या इतर पुष्कळ जागा आहेत.

ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्या

हृदयाचा इको, फुप्फुसाची क्षमता, किडनी, लिव्हर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. हे सगळं केंद्र सांगेल त्या यादीनं होतं, काळजी करण्यासारखं काही नाही. दोन गोष्टी मात्र घरच्यांनी पुढाकार घेऊन कराव्या लागतात.

पहिली दातांची. किडलेली दाढ, हलणारा दात, हिरड्यांतला पू हे सगळं आधी निस्तरा. पांढऱ्या पेशी शून्यावर आल्या की तोच जंतूंचा दरवाजा होतो. दात काढायचा असेल तर जखम भरायला दोन आठवडे तरी हवेत. मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू-चुना मळणारे पुरुष यांनी ते आजच बंद करायचं. ‘दात घासण्यापुरती थोडी’ हे चालत नाही. मोठ्या डोसनं तोंड आधीच सोलवटतं.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड जाते म्हणून बोललीच जात नाही. हॉजकिन बऱ्याचदा विशी-तिशीतल्या मुलामुलींना होतो आणि मोठ्या डोसनंतर मूल होण्याची शक्यता बरीच घटते. मुलाचं वीर्य गोठवून ठेवणं एका-दोन दिवसांचं काम आहे, मुलीची बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात. दोन्ही गोष्टी उलटलेल्या आजाराची नवी केमो सुरू व्हायच्या आधी झाल्या तर उत्तम. वडिलांसमोर मुलगा हे बोलणार नाही. मामानं, मोठ्या भावानं किंवा वहिनीनं विषय काढावा, आणि डॉक्टरांना त्या मुलाशी पाच मिनिटं एकट्यानं बोलू द्यावं.

पेशी काढण्याचे दिवस

मूळ पेशी एरवी हाडात राहतात. त्यांना रक्तात उतरवण्यासाठी जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, नुसती दिली तर चार-पाच दिवस दर किलोमागे रोज साधारण १० मायक्रोग्रॅम, केमोच्या जोडीनं दिली तर वेळापत्रक वेगळं असतं. इंजेक्शनं घरी घेऊन आलात तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको आणि लाइट गेली म्हणून बाहेरही नको. कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. ते मगज भरून आल्याचं दुखणं आहे, त्याला घाबरू नका. दुखण्याची गोळी मात्र विचारून घ्या.

पेशी पुरेशा उतरल्या की यंत्राला जोडतात. एका नळीनं रक्त बाहेर येतं, हव्या त्या पेशी बाजूला निघतात, बाकीचं रक्त परत जातं. चार-पाच तास लागतात. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या औषधानं कॅल्शियम खाली येतं आणि ते दिलं की मुंग्या थांबतात. दर किलो वजनामागे किमान २० लाख मूळ पेशी (रिपोर्टवर ‘सीडी-३४’) लागतात, ५० लाख मिळाल्या तर छान. एका दिवसात नाही झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. खूप केमो झालेल्यांत पेशी उतरतच नाहीत, तेव्हा प्लेरिक्साफॉर हे इंजेक्शन आदल्या संध्याकाळी देतात. ते महागडं आहे. अंदाजपत्रकात विचारून ठेवा.

प्लेटलेट देणारी मुलं

गावाकडचा आपला हिशेब असा: गरज पडली की टेम्पो भरून पोरं नेऊ. तो इथे उपयोगाचा नाही. प्लेटलेट पाच दिवसांहून जास्त टिकत नाहीत, त्यामुळे साठा करता येत नाही. आणि गरज लागते ती पेशी दिल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, बहुधा आदल्या संध्याकाळी कळवून. यंत्रानं प्लेटलेट देणाऱ्याला दीड-दोन तास लागतात, त्याच्या दंडातली शीर ठसठशीत हवी, आणि मागच्या तीन दिवसांत त्यानं ॲस्पिरिनसारखी गोळी घेतलेली नको.

म्हणून यादी करा ती गावातल्या मुलांची नाही, गावच्या पुणे-मुंबईकरांची. बहुतेक गावांचा असा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. त्यातून आठ-दहा जण निवडा, रक्तगट लिहा, नाइट शिफ्ट कुणाची आणि रविवारीच मोकळा कोण ते लिहा, दोघा-तिघांची रक्तपेढीत आधीच तपासणी करून घ्या. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, शक्यतो रुग्णासोबत न राहणाऱ्याकडे.

रुग्णाला दिलं जाणारं लाल रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलेच हवेत. दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून ही काळजी, आणि सख्ख्या नात्यातल्या रक्तात हा धोका जास्त असतो. पेशी काढण्याच्या आठवडाभर आधीपासून ते बीएमटीनंतर किमान तीन महिने हा नियम पाळतात. हॉजकिन झालेल्यांसाठी तो जन्मभर पाळण्याची शिफारस आहे. गावाकडच्या रक्तपेढीला हे कुणी सांगणार नाही. पाकिटात एक चिठ्ठी लिहून ठेवा.

खोलीतले तीन आठवडे

मोठ्या डोसचा सगळ्यात रुळलेला आराखडा म्हणजे ‘बीम’: कार्मुस्टिन, इटोपोसाइड, सायटाराबिन, मेल्फालान. सहा दिवस चालतो. कार्मुस्टिनऐवजी काही केंद्रं लोमुस्टिन किंवा बेंडामुस्टिन वापरतात. दिवसांची मोजणी उलटी असते. केमो सुरू होते तो ‘उणे सहा’, पेशी परत देतात तो ‘शून्य’, आणि मग ‘अधिक एक, अधिक दोन’. नर्सच्या तोंडी हेच आकडे असतात, भिंतीवर कॅलेंडर लावून तुम्हीही तसेच मोजा.

मेल्फालानच्या दिवशी बर्फ. सलाइन सुरू होण्याआधीपासून ते संपल्यावर बराच वेळ बर्फाचे खडे तोंडात धरायचे. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि तोंड कमी येतं. बिनखर्चाचा उपाय आहे आणि अभ्यासांनी सिद्ध झालेला आहे. दात शिवशिवतात म्हणून रुग्ण सोडून देतो, त्याला सोडू देऊ नका. बर्फ कुठल्या पाण्याचा वापरायचा ते वॉर्ड सांगेल.

शून्य दिवस बघायला निघालेल्यांची निराशा होते. पिशवी कोमट पाण्यात वितळवतात आणि सलाइनसारखी अर्ध्या-एक तासात चढवतात. गोठवताना वापरलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीला लसणासारखा उग्र वास येतो, तो दोन दिवस राहतो. लघवी लालसर होऊ शकते. मळमळ, घशात खवखव होते. बस, एवढंच.

त्रास पुढे आहे. साधारण अधिक चारपासून अधिक दहापर्यंत तोंड येतं, जुलाब लागतात, ताप चढतो, केस जातात, माणूस कुणाशी बोलत नाही. पांढऱ्या पेशी शंभराच्याही खाली जातात. ताप आला की वॉर्डात तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात. ताप येणं हे जवळजवळ प्रत्येकाच्या नशिबी आहे, ते काही बिघडल्याचं लक्षण धरू नका. सोबत्याचं काम या दिवसांत तीनच गोष्टींचं आहे. दर काही तासांनी मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करायला लावणं. रोज अंघोळ किंवा अंग पुसणं आणि गुदद्वाराजवळ दुखतंय का हे लाज न बाळगता विचारणं. आणि दोन घास जाईनात तर ओरडा न करता तसं नर्सला सांगणं. ‘खाल्ल्याशिवाय ताकद कशी येणार’ हे वाक्य फोनवरून गावातला प्रत्येक जण म्हणतो. तोंड सोलवटलेल्या माणसाला ते ऐकवू नका. पेज, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची खीर, दूध उकळून, जे जाईल ते. गेलं नाही तर सलाइनवाटे देतात.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या म्हणतात. बहुतेकांत ते अधिक दहा ते बाराच्या आसपास होतं. प्लेटलेट त्यामागून येतात. नेमक्या त्याच दिवसांत पुन्हा ताप, अंगावर पुरळ आणि दम लागला तर तो पेशी रुजण्याचा प्रकार असू शकतो. डॉक्टरांना तो ओळखू येतो.

घरी आल्यावर

इथून जबाबदारी पूर्ण घराची. रक्ताचे आकडे ठीक दिसतात म्हणून लोक सैल सोडतात, पण प्रतिकारशक्ती महिनोन्‌महिने लहान बाळाइतकीच असते.

आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका धुळीचा आणि बुरशीचा. गोठा, शेणाचा उकिरडा, कडब्याची गंज, ओलसर भुसकट यांत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात आणि ते फुप्फुसात गेले तर आजार जिवावर बेततो. किमान सहा महिने गोठ्यात पाऊल नको. धार काढणं, वैरण घालणं दुसऱ्याकडे द्या. हळद काढणीच्या दिवसांत पॉलिशचा धुरळा उडतो, तिथे फिरकू नका. द्राक्षबागेत फवारणी आणि छाटणीच्या वेळीही नको. घराचं बांधकाम, जुनी भिंत पाडणं, माळा झाडणं हे रुग्ण घरी येण्याआधी उरकून घ्या किंवा पुढच्या वर्षावर टाका. कृष्णाकाठच्या घरांनी आणखी एक हिशेब ठेवावा: पावसाळ्यात पूर ओसरल्यावरचा चिखल आणि ओल्या भिंतींची बुरशी रुग्णाच्या वाट्याला येता कामा नये. जुलै-ऑगस्टमध्ये परतायचं असेल तर उंचावरच्या नातेवाइकाकडे उतरा. जत, आटपाडी, माण-खटावच्या टोकाच्या गावातलं घर असेल तर पहिले तीन महिने मिरज, कराड किंवा साताऱ्यात खोली घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

खाण्यात नियम सोपा आहे: ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम. पाणी उकळून. कच्च्या कोशिंबिरी, खर्डा, वरून पेरलेला कांदा-लसूण मसाला नको. मसाला फोडणीत घालून शिजवा, तोच मसाला चालतो. तासगावची द्राक्षं दारात आली तरी सध्या नकोत. सालीची फळं, केळं-मोसंबी, धुऊन आणि सोलून द्या. अंडी आणि मटण-चिकन पूर्ण शिजलेलं चालतं. बाहेरचा भेळ-भत्ता, उसाचा रस, उघड्यावरचे पेढे बंद. दही कधी सुरू करायचं ते तुमचं केंद्र सांगेल.

काढे, भस्मं, कुणीतरी दिलेल्या पुड्या नकोत. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

भेटायला येणारी माणसं हा औषधापेक्षा अवघड विषय. ‘बघायला आलो नाही तर बरं दिसत नाही’ म्हणून पाहुणे येतात, कुणाला सर्दी असते, कुणाच्या कडेवर तापातून उठलेलं पोर असतं. हे थांबवण्याचं काम रुग्णाच्या बायकोवर किंवा सुनेवर टाकू नका. तिचं कुणी ऐकत नाही, वर बोल लावतात. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं ओट्यावर खुर्ची टाकून बसावं आणि तिथूनच चहा पाजून वाटेला लावावं. यात्रा, लग्नं, सप्ते यंदा नाहीत. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या तोंडावाटेच्या डोसबद्दल आधी विचारा. त्यातले विषाणू बाळाच्या शीमधून बाहेर पडतात. लंगोट बदलणं रुग्णाकडे नको.

गोळ्यांत को-ट्रायमॉक्साझोल आणि असायक्लोविर बहुधा असतातच, पहिली काही महिने, दुसरी वर्षभरापर्यंत. एक न्यूमोनियापासून, दुसरी नागिणीपासून वाचवते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सर्वांत आधी याच दोन बंद केल्या जातात.

ताप आला तर

थर्मामीटर घरात दोन हवेत. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. आधी क्रोसिन देऊन बघणं नाही. ताप उतरतो, जंतू राहतात आणि रात्र वाया जाते. केंद्राला फोन करा आणि त्याच वेळी गाडी काढा.

कुठे जायचं हे मात्र त्या रात्री ठरवू नका. डिस्चार्ज झाल्याच्या आठवड्यात आयसीयू आणि रक्तपेढी असलेल्या जवळच्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना भेटा, डिस्चार्ज समरीची प्रत द्या. तापात कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं ते केंद्राकडून पत्रावर लिहून घ्या. गावातल्या डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवा: प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन नको, आतल्या आत रक्त साकळतं, आणि डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन नको.

ताप नसतानाही एका लक्षणासाठी धावायचं असतं. बीएमटीनंतर एक ते चार महिन्यांच्या सुमारास कोरडा खोकला आणि चालताना दम लागू लागला, तर तो कार्मुस्टिननं फुप्फुसाला आलेली सूज असू शकते. वेळेत स्टेरॉइड दिलं तर ती आटोक्यात येते. आपल्याकडे अशा खोकल्याला आधी सिरप, मग ‘कफ साठलाय’, मग टीबीच्या गोळ्या असा प्रवास होतो आणि तेवढ्यात उशीर होतो.

पुढची दोन वर्षं

साधारण शंभराव्या दिवसाच्या सुमारास पेट-सीटी होतं. हॉजकिनमध्ये पुन्हा उलटण्याचा धोका जास्त असेल तर पुढे ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध देण्याचा विचार होतो. तेही खर्चिक आहे, आधी बोलून ठेवा.

लहानपणीच्या लशींचं संरक्षण मोठ्या डोसनं पुसट होतं, त्यामुळे सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान न्यूमोकोकल, धनुर्वात-घटसर्प, हिपॅटायटिस बी, पोलिओचं इंजेक्शन हे सगळं पुन्हा सुरू करतात. गोवर, कांजण्यांसारख्या जिवंत लशी दोन वर्षांच्या आत नाहीत. घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

बैठं काम तीन-चार महिन्यांत सुरू करता येतं. शेती, साखर कारखाना, गिरणी, धुळीचं कोणतंही काम सहा महिन्यांच्या आत नको, आणि सुरू केलं तरी आधी दोन तास, मास्क लावून. थायरॉइड, फुप्फुस, रक्ताचे काउंट यांच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या असतात, कारण जुन्या केमोचे काही परिणाम उशिरा दिसतात. त्यातल्या बऱ्याच मिरज-साताऱ्यात होतात. रिपोर्ट केंद्राला पाठवा आणि प्रत्येक फेरीसाठी पुणे-मुंबई गाठावं लागेल का हे विचारून घ्या. फाइल, ब्लॉक आणि इरॅडिएटेड रक्ताची ती चिठ्ठी एकाच जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.